ड्रायव्हरबाई पायी निघाल्या

भुरी ओढ्यात पाय टाकणार, एवढ्यात थोरल्यानं मुलीच्या हातातलं पुस्तक मिटलं.

"टिटवे, पुरे झालं. चहा गार होतोय."

"बाबा! एकच पान राहिलंय प्रकरणाचं!"

टिटवी हे नाव तिला आत्यानं दिलं होतं, ती पाळण्यात असतानाच, आवाज ऐकून. आता पोरगी अकराची झाली तरी आवाज काही खाली आला नव्हता. 'ओढ्यापलीकडची भुरी' ती अशी वाचत होती, की खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्यालाही गोष्ट कळावी. ऐकायला मात्र एकटी आजीच होती. सुट्टीपुरत्या भाड्यानं घेतलेल्या घराच्या लाकडी ओसरीवर, वेताच्या खुर्चीत, गुडघ्यांवर हात ठेवून ती बसली होती आणि नातीच्या कानाच्या जरा बाजूला बघत होती.

थोरल्याच्या आईचं बघणं गेल्या वर्षापासून असंच झालं होतं. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग पडला होता, कडा तेवढ्या शाबूत होत्या. समोरच्या माणसाचं तोंड दिसायचं नाही, त्याच्या खांद्यामागचं झाड स्वच्छ दिसायचं. म्हणून कुणाचा चेहरा बघायचा असला की ती त्याच्या शेजारी बघायची. डाग वाढत जाणार, डॉक्टर म्हणाले होते. कधी आणि किती, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

थोरल्याचे बाबा वारल्यानंतर सगळे मिळून कुठे निघाले ते पहिल्यांदाच. ही दरी आईनंच सुचवली होती. तीस-एक वर्षं तिनं बस चालवली, त्यातली निम्मी या घाटात. धबधब्याच्या फाट्यावर बस संपायची. पोरं, जोडपी, म्हातारे, सगळे उतरायचे आणि पाठीला पिशव्या लावून रानात शिरायचे. आई बस वळवून उभी करायची, काचेवर बादलीभर पाणी मारायची, डबा खायची. संध्याकाळी तीच माणसं ओल्या केसांनी चढायची आणि सीटा भिजवून ठेवायची. "ड्रायव्हरबाई, काय पाणी आहे हो!" असं प्रत्येक जण तिला सांगायचा. तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"आजचा बेत ऐका," थोरला पावाला लोणी लावत म्हणाला. "आवरलं की गाडीनं वरच्या कड्यावर जायचं. तिथं कठडा आहे, बसायला बाक आहेत. धबधबा सगळा दिसतो. मी दुर्बीणसुद्धा आणलीय."

"कुणासाठी?" आईनं विचारलं.

"तुझ्यासाठीच की."

"अरे, मला मधलं काहीच दिसत नाही. दुर्बिणीतून तेच 'काही नाही' मोठं दिसेल."

त्याची धाकटी बहीण चहा पिता पिता फस्सकन हसली. थोरला हसला नाही.

"कड्यावर तुम्ही जा," आई म्हणाली. "मी फाट्यावरून रानातनं पायी जाणार आहे. टिटवी माझ्याबरोबर येतेय. आमचं कालच ठरलंय."

"आई, ते शक्य नाही."

"मी विचारत नाहीये रे. तू तुझा बेत सांगितलास, मी माझा सांगितला."

थोरला विमा कंपनीत होता. अपघातांची चौकशी हे त्याचं काम. त्याला जिना दिसला की जिन्याखाली पडलेलं माणूस दिसायचं. त्यानं सुरी बाजूला ठेवली आणि ऑफिसातला आवाज काढला.

"त्या वाटेवर मुळं आहेत, निसरडे दगड आहेत, मधे ओढा आहे. पूल वाहून गेलाय म्हणतात. धडधाकट माणसाचा पाय घसरतो तिथं. तुला समोरचं दिसत नाही आणि बरोबर कोण, तर ही टिटवी!"

"मी काय वाईट आहे?" टिटवी ओरडली.

"दादा बरोबर बोलतोय, आई," धाकटी म्हणाली.

आईनं खुर्चीतच वळून तिच्या कानाशेजारी पाहिलं. थोरल्याचं तिला नवल वाटलं नव्हतं. पण धाकटी? धाकटी नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा सगळं गणगोत एका बाजूला आणि आई एकटी तिच्या बाजूला उभी होती. पुढे धाकटीनं केस कापायचं दुकान टाकलं, तेव्हा पहिलं डोकंही आईनंच पुढे केलं होतं. एरवी दादानं 'हो' म्हटलं की धाकटी सवयीनंच 'नाही' म्हणायची.

"तुला काय झालं?"

"काही नाही. पडलीस, एखादं हाड मोडलं तर? नव्या खोलीत जायच्या आधीच—"

ती थांबली. पण तोंडातून जायचं ते निघून गेलं होतं.

"कुठली नवी खोली?"

समोरच्या झाडावर सुतारपक्षी खोडाला ठोके देत होता.

"आमच्याकडची," शेवटी थोरला म्हणाला. "तळमजल्यावरची. रंग देऊन झालाय, न्हाणीत धरायला दांडे बसवलेत. शेवटच्या दिवशी तुला नीट, शांतपणे सांगणार होतो. तू तिथं तिसऱ्या मजल्यावर एकटी... तुझ्या घरमालकांना मी कळवून टाकलंय. महिनाअखेर."

"माझं घर सोडलंस तू? मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस! छान. कुणी ठरवलं हे?"

"सगळ्यांनी."

आईची नजर दाराकडे गेली. दारात सून अंड्यांची बशी घेऊन उभी होती.

"तूसुद्धा?"

"मला फक्त रंग कुठला द्यायचा तेवढं विचारलं होतं, आई," सून म्हणाली.

आई उठली. खुर्चीच्या हातांना न धरता उठली, ते सगळ्यांना दिसेल असं.

"टिटवे, पुस्तक घे. पाण्याची बाटली घे. माझे बूट आण."

*

बूट जागेवर नव्हते.

टिटवी ओसरीच्या कोपऱ्यात शोधत होती, खाटेखाली वाकून बघत होती. स्वयंपाकघरात थोरला बायकोजवळ येऊन उभा राहिला. त्याचा हात खिशात होता आणि खिशात गाडीची किल्ली वाजत होती.

"तू सांग तिला," तो हळूच म्हणाला. "गुडघ्यांचं खातं तुझं आहे. तुझं ऐकेल ती."

सून फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे गुडघे, खांदे, कंबरा वाकवत असायची. घरात मात्र ती फारशी बोलायची नाही. नवरा बोलका, नणंद त्याहून बोलकी. लग्न होऊन आली तेव्हापासून ती तोंडात मिठाची गुळणी धरून बसायला शिकली होती. आणि असं बसलं की दोघंही आपल्याला आपापल्या बाजूची समजतात, हेही तिच्या लक्षात आलं होतं.

"काय सांगू?"

"की गुडघे झेपणार नाहीत."

"गुडघे झेपतील. जन्मभर क्लच दाबून घडलेले गुडघे आहेत ते. माझ्याकडे चाळिशीच्या बायका येतात, त्यांचेही इतके चांगले नसतात." तिनं बशी खाली ठेवली. "आईंचे बूट कुठे आहेत?"

तो खिडकीबाहेर बघू लागला.

"तू लपवलेस?"

"डिकीत ठेवलेत. तिच्या भल्यासाठीच ना."

"टिटवीनं कुणाचे बूट लपवले असते, तर तू तिला काय म्हणाला असतास?"

"हे वेगळं आहे."

"हो, वेगळंच. ती लहान आहे."

ती हात पुसून बाहेर आली. ओसरीच्या पायरीवर बसली आणि आपल्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली. नवे बूट होते, जाड तळाचे, या सहलीसाठीच घेतलेले. सासूच्या पायाचं माप तिला डोळे मिटून ठाऊक होतं. बाबांच्या आजारपणात आईंच्या सुजलेल्या पावलांना तीच तेल चोळायची.

"पाय पुढे करा, आई."

"आणि तुला?"

"मी मोजे घालून बसते. मला आज कुठे जायचं नाहीये."

तिनं बूट चढवले, नाड्यांना दुहेरी गाठ मारली, घोट्याभोवती बोट फिरवून पाहिलं. मागे नवरा येऊन उभा राहिलाय, हे तिला न बघताही कळलं.

"तू पोरीलाही पाठवतेस? अशी?"

"पाठवत नाहीये. जाऊ देतेय."

एवढं बोलून तिला दम लागला. धाकटी तिच्याकडे अशी बघत होती, की जणू घरातल्या एखाद्या कपाटानं तोंड उघडलं.

आई पायऱ्या उतरली. फाटकापाशी टिटवीनं तिचा हात धरला आणि दोघी रस्त्याला लागल्या. टिटवीचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

*

धाकटी आणि थोरला मागून निघाले. पुढच्या दोघींना दिसणार नाही, पण हाकेच्या टप्प्यात राहील इतकं अंतर ठेवून. अडवायचं की नुसतं मागे जायचं, हे दोघांचंही ठरलं नव्हतं.

"तुला तोंड उघडायची काय घाई होती?" थोरला म्हणाला.

"आणि तुला बूट लपवायची? शाळेत आहेस का तू?"

"खोलीची कल्पना तुझी होती."

"हळू बोल!"

"मी सगळ्यांनी ठरवलं म्हणालो. तुझं नाव नाही घेतलं. तेवढं लक्षात ठेव."

धाकटीनं वाटेतली फांदी बाजूला सारली. ते खरंच होतं. मार्चमध्ये एकदा ती भर दुपारी आईकडे गेली होती. आई स्टुलावर चढून दिवा बदलत होती, दिव्याकडे न बघता खिडकीकडे बघत. धाकटीनं दुकानात परत येऊन दादाला फोन लावला होता आणि रडली होती. स्वतःच्या दीड खोल्यांत आईला ठेवता येणार नव्हतं. मग 'तुमच्याकडे तळमजला आहे,' हे वाक्य तिच्याच तोंडून निघालं होतं. त्यानंतर फोन वाजला की वाटणारी धास्ती जरा कमी झाली होती. तेवढ्यासाठी तिनं ते केलं होतं. ते तिनं दादालाही सांगितलं नव्हतं.

रान दाट होत गेलं. झाडं उंच, सरळ, आणि खाली नेच्यांची हिरवी गर्दी. उन्हाचे तुकडे वाटेवर पडले होते. बाहेर रस्त्यावर डांबर मऊ व्हायला लागलं असेल, इथं मात्र माठाशेजारी बसल्यासारखा गारवा होता. कुठूनतरी ओल्या मातीचा आणि कुजलेल्या पानांचा वास येत होता. थोरल्याचे शहरी बूट पानांवरून सटकत होते. दर चार पावलांनी तो कुठल्यातरी फांदीला धरायचा.

पुढून टिटवीचा आवाज आला. "मूळ! मूळ! मोठ्ठं मूळ!"

"अगं, नुसती ओरडू नकोस," आई सांगत होती. "आधी किती लांब ते सांग, मग कुठल्या बाजूला ते, मग काय आहे ते. ड्रायव्हरला ब्रेक लावायला वेळ लागतो."

"दोन पावलांवर, उजवीकडे, मूळ."

"आता कशी! हिला म्हणतात कंडक्टर."

वळणावर दोघी थांबल्या. धाकटीनं झाडाआडून पाहिलं. आई मान एका बाजूला करून अगदी स्थिर उभी होती. "डावीकडे बघ," ती कुजबुजली. "त्या पडलेल्या खोडामागे. कान हलतायत." टिटवी वळली. नेच्यांतून एक हरणी मान वर काढून बघत होती. तिच्या पोटाशी तपकिरी पाडस. पुढे बघून चालणाऱ्या टिटवीला ती दिसली नव्हती. झाडामागच्या दोघांनाही दिसली नव्हती. हरणीनं एकदा पाय आपटला आणि ती पाडसासकट पानांत विरघळली.

"आजी! तुला कशी दिसली?"

"मला आता बाजूचंच दिसतं बाई. रस्ता सोडून सगळं." मग आवाज चढवून आई म्हणाली, "आणि मागची गाडी मघापासून हॉर्न न देता येतेय. ओव्हरटेक तरी करा, नाहीतर अंतर ठेवा!"

थोरला लाल झाला. आता लपण्यात अर्थ नव्हता. तो तरातरा पुढे गेला, दोघींना ओलांडून ओढ्यापाशी पोचला आणि वळून उभा राहिला.

ओढा रुंद होता. लाकडी पुलाचे नुसते दोन खुंट उरले होते. लोकांनी पाण्यात दगडांची रांग टाकली होती, शेवाळानं हिरवीगार झालेली. पाणी स्वच्छ, तळचे गोटे दिसत होते. थोरला पहिल्याच दगडावर दोन्ही पाय रोवून उभा होता.

"इथून पुढे नाही. बास. या दगडांवरून तू जाणार नाहीस."

"नाहीच जाणार," आई म्हणाली. "दगड हिरवे आहेत, मलासुद्धा दिसतंय. टिटवे, पाणी किती खोल?"

"माझ्या गुडघ्याएवढं असेल."

आईनं साडीचा काठ वर खोचला, नातीचा हात धरला आणि दगडांच्या शेजारून सरळ पाण्यात उतरली, सुनेच्या नव्या बुटांसकट. थंड पाण्यानं तिच्या तोंडून एक आरोळी निघाली.

"आई!"

"दगडावरनं माणूस पडतं रे! पाण्यात उभा असलेला कुठून पडणार?"

ती एकेक पाऊल तळावर घासत, चाचपत, थोरल्याच्या अगदी शेजारून गेली. तो दगडावर हात पसरून उभाच राहिला. अडवायला समोर कुणी उरलंच नव्हतं. धाकटीनं चपला काढून हातात घेतल्या आणि पाण्यात पाय टाकला.

"तू कुठे चाललीस?" तो म्हणाला.

"पलीकडे. तू ये, नाहीतर राहा तिथं पुतळ्यासारखा."

*

धबधबा झाडांतून आधी ऐकू आला, मग गार वाऱ्यासारखा अंगावर आला, आणि मगच दिसला. काळ्या कड्यावरून पांढरं पाणी खाली डोहात पडत होतं. उडालेल्या तुषारांत ऊन अडकलं होतं. कड्याच्या कपारींत पिवळी रानफुलं लोंबत होती आणि एक खंड्या निळ्या रेघेसारखा पाण्यावरून गेला.

आईनं आधी समोर पाहिलं. थोरल्याला कळलं, की तिला काही दिसलेलं नाही. मग तिनं मान डावीकडे वळवली, थोडी उजवीकडे, पुन्हा डावीकडे. जणू पाण्याला ती कडेकडेनं गोळा करत होती. मग तुषारांत गेली आणि तोंड वर करून उभी राहिली. केस चप्प भिजले, साडी अंगाला चिकटली. हसत नव्हती. ओठ मिटलेले होते आणि हनुवटी पुढे काढलेली. घाटातल्या चढावर पहिला गिअर टाकताना ती अशीच दिसायची. लहानपणी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून थोरल्यानं ते आरशात कितीदा तरी पाहिलं होतं.

नंतर सगळे उन्हातल्या सपाट खडकावर बसले. सुनेनं टिटवीच्या पिशवीत पाव आणि उकडलेली अंडी भरून दिली होती, भरपूर, चौघांना पुरतील एवढी. थोरला त्या अंड्यांकडे बघत राहिला.

"वाचू का पुढे?" टिटवीनं विचारलं. "शेवटचंच प्रकरण आहे."

"वाच," आई म्हणाली आणि तिनं डोळे मिटून घेतले.

हे पुस्तक आईनं ती शाळेत असताना वाचलं होतं. पुढे थोरल्याला आणि धाकटीला तिनं ते दर उन्हाळ्यात वाचून दाखवलं, ड्यूटीवरून आल्यावर, खाकी सदरा न बदलता. जंगलाच्या कडेला राहणारी भुरी. ओढा ओलांडायचा नाही, हा घरचा दंडक. एका उन्हाळ्यात ती ओढा ओलांडते. थोरल्याला सगळं पाठ होतं. शेवटी भुरी ओढ्याच्या उगमाशी पोचते, तिथून तिला पलीकडचा आणखी एक डोंगर दिसतो, आणि ती पुढे चालू लागते. पुस्तक संपतं.

टिटवी वाचत होती. "'...भुरीला आपली चूक कळून आली. ती धावत घरी आली आणि आईच्या पाया पडली. आई, मी पुन्हा कधी उंबरठा ओलांडणार नाही. त्या दिवसापासून भुरी शहाण्या मुलीसारखी घरात राहू लागली, आणि सर्वांना आनंद झाला.'" तिनं पान उलटून पाहिलं. कोरं होतं. "हे काय? संपलं?"

"काहीतरीच काय वाचतेस," थोरला म्हणाला. "असा शेवट नाहीये. ती पुढच्या डोंगराकडे जाते."

"हे बघा ना, बाबा! छापलंय!"

त्यानं पुस्तक घेतलं, वाचलं, पुन्हा वाचलं. धाकटी त्याच्या खांद्यावरून वाकली. दोघांनी एकदमच आईकडे पाहिलं.

"पुस्तकात हाच आहे," आई डोळे न उघडता म्हणाली. "शाळेत असताना मी ते पान वाचून पुस्तक भिंतीवर फेकलं होतं. मग तुम्ही झालात. तुम्हाला काय ते वाचून दाखवायचं? शेवटच्या पानावर आले की मी पुस्तक तोंडासमोर धरायची आणि माझ्या मनचं सांगायची. पुस्तक लिहिणाऱ्याला वाटलं पोरगी घरी बसावी. मला नाही वाटलं."

"म्हणजे तू आम्हाला खोटं वाचून दाखवलंस," थोरला म्हणाला.

"हो. आणि तू रोज रात्री म्हणायचास, आणखी सांग, डोंगरापलीकडे काय होतं? झोपायचा नाहीस. तुला आठवतं का, तू असा होतास?"

तो उठून पाण्याच्या कडेपर्यंत गेला आणि परत आला.

"आई, तुला कळत नाही. मी रोज बघतो. जिन्यावरून पडलेली माणसं, न्हाणीत पडलेली, स्टुलावरून पडलेली. घरच्यांशी मी बोलतो. सगळे एकच म्हणतात, आम्हाला वाटलं होतं काही होणार नाही. मला ते वाक्य बोलायचं नाहीये."

"तू रोज पडलेल्यांच्या फायली बघतोस," आई म्हणाली. "जे जिना उतरून बाजारात गेले आणि भाजी घेऊन परत आले, त्यांची फाईल कोण करतं?"

धाकटीनं अंड्याचं कवच हातात चुरगाळलं.

"आई, दादानं नाही सुचवलं. खोलीचं मी सुचवलं."

"मला वाटलंच होतं."

"तू स्टुलावर चढली होतीस. मला झोप लागत नव्हती. फोन वाजला की वाटायचं..."

"म्हणजे भीती तुला वाटते, आणि कोंडून घ्यायचं मी?" आईनं डोळे उघडले आणि लेकीच्या कानाशेजारी बघितलं. "तू तुझं घर सोडून आलीस तेव्हा मला भीती वाटली नव्हती? रात्र रात्र जागी होते मी. तुला म्हणाले का, परत जा म्हणून? माझी भीती मी माझ्यापाशी ठेवली. तुझी तू ठेव."

धाकटी रडायला लागली. आईनं तिला जवळ घेतलं नाही. पण पिशवीतलं शेवटचं अंडं सोलून, मीठ लावून तिच्या हातात दिलं.

*

परतताना ओढ्यात थोरला सगळ्यांच्या आधी उतरला, बूट न काढता. आईनं त्याचा हात धरला नाही, आणि त्यानंही पुढे केला नाही. तो नुसता तिच्या वरच्या अंगाला, पाण्याचा जोर अडवत चालला.

दुपार कलली होती. सून ओसरीच्या पायरीवर मोज्यांतच बसली होती. भिजलेल्या चौघांना बघून ती उठली, आणि तिची नजर आपल्या बुटांवर गेली.

"तुझे बूट गेले कामातून," आई म्हणाली.

"जाऊ देत. कसं आहे पाणी?"

"गार. उद्या तू ये."

अंग पुसून, कोरडी साडी नेसून आई वेताच्या खुर्चीत बसली आणि तिनं हात पुढे केला.

"फोन लाव."

"कुणाला?" थोरल्यानं विचारलं, ठाऊक असून.

"माझ्या घरमालकाला. इथं, सगळ्यांसमोर. आणि आवाज मोठा कर."

त्यानं बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. कुणी नजर वळवली नाही. त्यानं नंबर लावला आणि फोन आईच्या तळहातावर ठेवला.

"मालक, मी तिसऱ्या मजल्यावरची."

"अरे, ड्रायव्हरबाई! कशी चाललीय सहल? मी ऐकलं तुम्ही घर सोडून जाताय. वाईट वाटलं हो."

"वाईट वाटून घेऊ नका. मी जात नाहीये."

"पण तुमच्या चिरंजीवांनी कळवलं. मी जाहिरातसुद्धा दिली. सोमवारी एक जोडपं घर बघायला येतंय."

"भाडं कोण देतं तुम्हाला?"

"तुम्हीच देता."

"मग सोडायचं कुणी सांगायला हवं?"

"तसं बघितलं तर तुम्हीच, पण—"

"येऊ दे त्या जोडप्याला. मी घरी असेन. चहा पाजते आणि परत पाठवते."

मालक हसायला लागले. मग हसू आवरून म्हणाले, "बाई, पण डोळ्यांचं... जिना तीन मजली आहे. उद्या काही झालं तर माझ्यावर यायला नको."

थोरल्याचं तोंड उघडलं. हेच तर तो सांगत आला होता. आता फक्त 'बघ, तेही म्हणतायत' एवढं म्हणायचं होतं. आईनं फोन धरलेला हात तसाच ठेवला आणि त्याच्या खांद्याच्या बाजूला बघत राहिली. ती त्याला अडवत नव्हती. तो काय करतो, ते बघत होती.

त्यानं फोनकडे तोंड नेलं.

"मालक, मी त्यांचा थोरला बोलतोय. काही झालं तर तुमच्यावर येणार नाही. मी चुकीचं कळवलं होतं. जाहिरात काढून टाका." थांबून तो म्हणाला, "आणि जिन्याच्या प्रत्येक कडेला पिवळा पट्टा मारायचाय मला. तुमची हरकत नसेल तर."

"मला विचार," आई म्हणाली. "जिना मी चढते."

"आई, पिवळा पट्टा मारू का?"

"मार. रुंद मार. कडेचं मला चांगलं दिसतं."

फोन बंद झाला. टिटवीनं इतक्या जोरात शीळ घातली की वळचणीतल्या चिमण्या उडाल्या. थोरला मात्र पायरीवर बसून राहिला, ओल्या बुटांच्या नाड्या सोडायचंही त्याला सुचलं नाही.

"आणि पडलीस तर?" तो खाली बघतच म्हणाला.

"तर उठेन."

"आणि नाही उठता आलं तर?"

"तर तुला फोन करेन. तू ये. धावत ये, वाटेल तेवढा ओरड माझ्यावर. पण एरवी माझ्या घरी येशील ते दाराबाहेर उभा राहून," आई म्हणाली, "बेल वाजवून."